भावाला यूकेतल्या रेस्टॉरंटची स्पॉन्सरशिप, एजंट १६ लाख मागतोय. द्यावेत का?

मेघना_मानेवाडा

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ बारावीनंतर किचनमध्ये लागला. नागपूरला वर्धा रोडवरच्या एका ढाब्यावर हेल्पर म्हणून सुरुवात केली, आता सदर भागातल्या एका हॉटेलात तंदूर आणि करी दोन्ही सेक्शन सांभाळतो. हात चांगला आहे, हे घरचे म्हणून नाही तर त्याचे उस्तादही सांगतात. पगार २४ हजार, रोख.

धरमपेठेत एक कन्सल्टन्सी आहे. ते म्हणतात, लंडनजवळच्या एका इंडियन रेस्टॉरंटला शेफ हवाय, मालक स्पॉन्सर करणार, तीन महिन्यांत सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, हातात. एकूण १६ लाख, त्यातले ४ लाख आत्ता, बाकीचे व्हिसा स्टॅम्प झाल्यावर. बाबा बेसा भागातला प्लॉट विकायला निघालेत. भाऊ तर सुटकेस बघायला लागला आहे.

मला एवढंच विचारायचंय, की हे खरं असू शकतं का? आणि स्पॉन्सर मालक करतोय, तर १६ लाख आम्ही कशाचे द्यायचे? घरात हा प्रश्न विचारला तर मी भावाच्या वाटेत आडवी येते असं सगळ्यांना वाटतंय. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तर्री_पोहा

४ लाख देऊ नका. आज-उद्यात तर अजिबात नाही. सविस्तर लिहिणारे येतीलच, पण तोवर बाबांना प्लॉटचा इसार घेऊ देऊ नका.

लेस्टरचा_नागपूरकर

मेघनाताई, मी इथे किचनमध्येच आहे, स्किल्ड वर्कर व्हिसावर, २०२३ पासून. स्पष्टच सांगतो. २२ जुलै २०२५ पासून यूकेने या व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या दर्जाची केली. शेफचं काम त्यांच्या यादीत त्याच्या खाली येतं. त्यामुळे भारतातून नवा शेफ या व्हिसावर आणता येत नाही. माझ्यासारखे जे त्या तारखेआधीपासून या व्हिसावर आहेत, त्यांना मुदत वाढवता येते, मालक बदलता येतो. नागपुरात बसलेल्या नव्या माणसाला ते दार बंद आहे.

पगाराची अटही बघा. २०२३ मध्ये वर्षाला किमान २६,२०० पाउंड होती. ४ एप्रिल २०२४ ला ती ३८,७०० झाली, आणि जुलै २०२५ ला ४१,७००. तेव्हाच इथले छोटे करी हाऊसवाले म्हणायला लागले होते की एवढा पगार देऊन माणूस आणणं परवडत नाही. आता तर प्रश्नच मिटला.

खर्चाचं म्हणाल तर सीओएस म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. त्याची सरकारी फी ५२५ पाउंड आहे आणि ती मालकाने भरायची. ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची किंवा लायसन्सची फी कामगाराकडून वसूल करायलाही बंदी आहे. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे बाहेरून माणूस आणण्याबद्दलचा सरकारी आकार, तर आधीपासूनच मालकाच्या माथी. कामगार भरतो ती स्वतःची व्हिसा फी आणि वर्षाला १,०३५ पाउंडांचा हेल्थ सरचार्ज. या हिशोबात १६ लाख कुठे बसतात ते एजंटलाच विचारा.

मेघना_मानेवाडा

दादा, मनापासून धन्यवाद. पण काल मी हेच थोडंफार विचारलं, तर त्यांनी लॅपटॉपवर यूके सरकारची यादी उघडून दाखवली. त्यात त्या रेस्टॉरंटच्या कंपनीचं नाव होतं, पुढे ए रेटिंग लिहिलेलं. वेबसाइट खरीच होती, मी पत्ता नीट वाचला. मग ते कसं?

लेस्टरचा_नागपूरकर

यादी खरी आहे. लायसन्स असलेल्या स्पॉन्सरांची यादी सरकार सगळ्यांसाठी खुली ठेवतं, तुम्ही घरी बसूनही डाउनलोड करू शकता. पण त्या यादीत नाव आहे याचा अर्थ त्या कंपनीकडे लायसन्स आहे, इतकाच. कोणत्या कामासाठी माणूस आणता येईल हे त्या कामाच्या कोडवर ठरतं. शिवाय त्या कंपनीला तुमच्या भावाचं नाव तरी माहीत आहे का? कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन नंबर शोधा, एजंटने दिलेला नको, आणि सरळ फोन लावून विचारा.

अजून एक धोका सांगतो, कारण सध्या हेच चाललंय. शेफचा रस्ता बंद झाल्यावर एजंट लोक माणसाला कागदावर भलत्याच पदावर दाखवतात. मार्केटिंगचा कुणीतरी, नाहीतर बिझनेस डेव्हलपमेंटचा मॅनेजर. खोटी डिग्री, खोटं अनुभव पत्र. पकडलं गेलं तर फसवणूक म्हणून अर्ज फेटाळतात आणि १० वर्षं यूकेत यायची बंदी लागते. बंदी अर्जदारावर लागते. एजंट दुसऱ्या दिवशी नवीन गिऱ्हाईक बसवतो.

गजू_कामठी

सगळे एकाच सुरात बोलून राहिले म्हणून लिहितो. माया मावसभाऊ २०२२ मध्ये १२ लाख देऊन गेला. आज बर्मिंगहॅमले आहे, बायकोले घेऊन गेला, इकडं घर बांधून राहिला. त्याले बी लोकं हेच सांगत होते, पैसे देऊ नको म्हणून. अन् फुकटात कोण नेते बाप्पा? इथं चपराशाच्या नोकरीले पैसे लागते. पोराच्या हातात हुनर आहे, त्याले जाऊ द्या. २४ हजारात नागपुरात लग्न तरी होते का त्याचं?

तर्री_पोहा

गजूभाऊ, तुमच्या मावसभावाचं चांगलं झालं याचा आनंदच आहे. पण २०२२ चा नियम आणि आजचा नियम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, वर दादांनी तारखांसकट लिहिलंय. तेव्हा शेफला व्हिसा मिळत होता, म्हणून पैसे घेऊनही एजंटचं काम व्हायचं. आज जो रस्ताच नाही त्याचे पैसे मागताहेत.

लेस्टरचा_नागपूरकर

गजूभाऊंच्या 'फुकटात कोण नेतं' या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. कारण पैसे देऊन गेलेल्याचं पुढे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

माझ्या पहिल्या खोलीत एक मुलगा होता, आपल्या विदर्भातलाच. त्याने घरचं शेत गहाण टाकून पैसे दिले होते. कागदावर आठवड्याला ३९ तास. प्रत्यक्षात सकाळी दहाला कांदा चिरायला सुरुवात आणि रात्री बारा-साडेबाराला फ्रायर धुऊन सुटका, आठवड्यातून सहा दिवस. पगार नियमाप्रमाणे बँकेत जमा व्हायचा, अगदी पूर्ण. त्याच संध्याकाळी मालक गाडी घेऊन यायचा, याला एटीएमपाशी न्यायचा आणि गाडीतच बसून राहायचा. हा पैसे काढून आणायचा, मालक मोजायचा, खिशात घालायचा. सरकारच्या हिशोबात सगळं चोख. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण मालकाने 'हा कामावर नाही' एवढं कळवलं तरी व्हिसाला कात्री लागते, आणि साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा नाहीतर परत जायचं. शेत सोडवायचं असलेला माणूस परत कसा जाणार?

सगळे मालक असे नाहीत. माझा आत्ताचा मालक बांगलादेशातल्या सिल्हेटचा आहे, एक पेनी कधी मागितली नाही, आजारपणात सुट्टीचा पगार दिला. पण ज्याने तुमच्याकडून आधी पैसे घेतले, तो पुढेही घेणारच हे धरून चाला.

विदर्भकन्या

वाचून अंगावर काटा आला. मेघना, बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखव.

मेलबर्नची_अन्नपूर्णा

मी मूळची गोकुळपेठेतली, इथे शेफ आहे, त्यामुळे या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. यूके बंद म्हणजे सगळंच बंद असं नाही.

ऑस्ट्रेलियात ७ डिसेंबर २०२४ पासून नोकरीसाठीच्या जुन्या टेम्पररी स्किल शॉर्टेज (४८२) व्हिसाच्या जागी स्किल्स इन डिमांड व्हिसा आला. शेफ हे काम त्याच्या कोअर यादीत आहे. आधी दोन वर्षांचा अनुभव लागायचा, आता एक पुरतो. पगाराची किमान अट १ जुलै २०२५ पासून वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि दर जुलैत ती वाढवतात. मालकाला आधी किमान २८ दिवस इथे जाहिरात देऊन दाखवावं लागतं की स्थानिक माणूस मिळत नाही. प्रशिक्षणासाठीची सरकारी लेव्हीही तोच भरतो, ती तुमच्यावर टाकता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, इथे स्पॉन्सरशिपसाठी पैसे घेणं आणि देणं दोन्ही बेकायदा आहे, डिसेंबर २०१५ पासून. म्हणजे देणाराही अडकतो, हे भावाला नक्की सांगा.

मालक सुटला तर नवा शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात आणि त्या काळात दुसरीकडे काम करता येतं. हा बदल जुलै २०२४ चा. त्याआधी ६० दिवस होते, तेव्हा आम्ही सगळेच मालकाचा मूड बघून श्वास घ्यायचो.

आता कठीण भाग. भारतीय पासपोर्टवर शेफ म्हणून अर्ज करायचा तर कौशल्याची तपासणी करून घ्यावी लागते. ते आधी कागद बघतात. कुठे, किती वर्षं, कोणत्या हुद्द्यावर, आठवड्याला किती तास, पगार कसा मिळाला. पगाराच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, कर भरल्याचे कागद. इंग्रजीची परीक्षाही आहे. मेघना, तुझ्या पोस्टमधला मला सगळ्यात जास्त टोचलेला शब्द 'रोख' आहे. भावाची इतक्या वर्षांची मेहनत कागदावर कुठेच नाही. तंदूरमध्ये हात घालून घालून त्याच्या मनगटावरचे केस जळलेले असतील, पण तपासणाऱ्याला मनगट दिसत नाही.

हॉटेलवाला_बर्डी

माझं सीताबर्डीला रेस्टॉरंट आहे, वडिलांच्या काळापासून. दुसरी बाजूही ऐका. आम्ही पोराला भांडी घासण्यापासून शिकवतो. कटिंग, ग्रेव्ही, मग हंडी. तीन-चार वर्षांनी कुठे तो एकटा सेक्शन चालवायच्या लायकीचा होतो, आणि मग एक दिवस पुणे, दुबई, नाहीतर समोरचा दोन हजार जास्त देतो म्हणून तिकडे. माझ्या किचनमध्ये आज बालाघाटचे तिघे, नेपाळचे दोघे आणि ओडिशाचा एक आहे. नागपूरचा मुलगा औषधालाही नाही. परदेशातला मालक स्पॉन्सरशिपची फी भरतो म्हणून त्याचं कौतुक, आणि आम्ही राहायला खोली, दोन वेळचं जेवण, घरच्या लग्नाला उचल देतो त्याची कुठे नोंद नाही.

रोख पगाराबद्दल म्हणाल तर बऱ्याच कारीगरांनाच बँक नको असते. पीएफ कापला तर हातात कमी येतं म्हणून भांडतात. हे मी रोज बघतो.

मेलबर्नची_अन्नपूर्णा

दादा, तुम्ही खोली-जेवण देता, उचल देता, ते मोठंच आहे आणि मी ते नाकारत नाही. पण उचल तुमच्या वहीत राहते. कारीगर तुमच्याकडून निघाला की त्याच्या हाती काय उरतं? वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या हॉटेलला पीएफ बंधनकारकच आहे. त्या पासबुकात महिन्यावार मालकाचं नाव येतं, आणि सहा-सात वर्षांचं पीएफ पासबुक हा अनुभवाचा असा पुरावा आहे की जो कुणी खोटा म्हणू शकत नाही. लेटरहेडवर अनुभव पत्र लिहायला तर काहीच खर्च नाही. तो जाईल ही भीती खरी आहे. पण कागद न दिल्याने तो थांबत नाही, तो एजंटच्या खोट्या कागदांकडे जातो.

सावजी_प्रेमी

अवांतर होईल, पण विचारतोच. तिकडे सावजी कुणी खातं का? माझ्या मित्राचं म्हणणं, परदेशातल्या 'इंडियन' रेस्टॉरंटात सगळीकडे तेच बटर चिकन. आपला काळा मसाला, ती वर आलेली तेलाची तर्री, खसखस-खोबऱ्याचं वाटण, याला गिऱ्हाईक आहे का?

लेस्टरचा_नागपूरकर

मेन्यूवर नाही. पण स्टाफच्या जेवणात आहे! सोमवारी किचन बंद असतं तेव्हा मी करतो. आईने पाठवलेला मसाला पोहोचला की बांगलादेशी सहकारी आधी विचारतात, मग पाणी पितात, मग परत वाढून घेतात.

विदर्भकन्या

पाटोडी रस्सा पण करा त्यांना एकदा. :)

गोलिबार_चौक

सावजी मटण बाहेर चालेल की नाही हा वेगळा धागा होऊ शकतो, पण एक मुद्दा इथलाच आहे. हलबा कोष्टी घरांतून हे जेवण आलं, बहुतेक भोजनालयं अजून घरचेच लोक चालवतात. तिथे शिकलेल्या पोराच्या हाताला तोड नाही, पण त्याच्याकडे हॉटेल मॅनेजमेंटचा कागद नसतो, हुद्दा नसतो. काकाच्या भोजनालयात काम केलं याला अनुभव कसा म्हणायचा, हाच प्रश्न माझ्या पुतण्याला कॅनडाच्या फॉर्मवर पडला होता.

ब्रॅम्प्टन_डायरी

कॅनडाचं नाव निघालं म्हणून थोडक्यात लिहितो. इथे मालकाला आधी एलएमआयए काढावं लागतं, म्हणजे स्थानिक कामगार मिळत नाही याची सरकारी मंजुरी. फी १,००० डॉलर, मालकाची, कामगाराकडून घ्यायची नाही. तरीही हे कागद वीस-तीस लाखांना विकले जात होते, कारण नोकरीची ऑफर असेल तर एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायम राहण्यासाठीच्या गुणांच्या पद्धतीत, ५० गुण जास्त मिळायचे. २५ मार्च २०२५ ला सरकारने ते गुणच काढून टाकले. त्यात कमी पगाराच्या कामांसाठीचे अर्ज, ज्या शहरांत बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे तिथे, सप्टेंबर २०२४ पासून घेतच नाहीत. कुकची बरीच कामं त्यातच मोडतात. कुणी टोरांटोचं एलएमआयए विकत असेल तर दहा वेळा विचार करा.

एक चांगली गोष्ट पण सांगतो. मालक छळत असेल, पगार दाबत असेल, तर पुरावे देऊन खुला वर्क परमिट, म्हणजे दुसऱ्या मालकाकडेही काम करता येईल असा, मागता येतो. २०१९ पासून ही सोय आहे. आमच्या ओळखीतल्या एका आचाऱ्याला मिळाला. त्याने मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि स्वतःच्या तासांची वही जपून ठेवली होती, तीच कामी आली.

दुबई_रिटर्न_जरीपटका

मी आखातात आठ-नऊ वर्षं काढून परत आलो. तिकडचं गणित वेगळं. कमवायला जायचं आणि परत यायचं, कायम राहायचं स्वप्न नाही. यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा असं लिहिलेलं आहे. ऑफर लेटर त्यांच्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात येतं, त्यावर पगार, बेसिक किती, भत्ता किती सगळं असतं. ते हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही. 'आत्ता व्हिजिट व्हिसावर ये, तिकडे बदलून देतो' म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम. असा गेलेला माणूस मुदत संपली की दंड भरत बसतो आणि कुणाला तक्रारही करू शकत नाही. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, मालकाला तो ठेवून घ्यायचा हक्क नाही.

बेसिककडे लक्ष द्या. शेवटी हिशोब मिळतो तो बेसिकवर. एकूण आकडा मोठा आणि बेसिक चिमूटभर, अशी ऑफर फार येते.

वकील_महाल

कायद्याची बाजू राहिली आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, बेकायदा एजंटांचीही आहे. आणि एजंटला उमेदवाराकडून घेता येणारी सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, पावतीसकट. १६ लाख आणि ३० हजार, फरक तुम्हीच बघा.

बऱ्याच ठिकाणी पाटी 'स्टडी अब्रॉड' किंवा 'व्हिसा कन्सल्टन्सी'ची असते आणि आत नोकऱ्या विकतात. मेघनाताई, त्यांना नोंदणी क्रमांक लेखी मागा. फोनवर नको, मेसेजवर मागा म्हणजे उत्तर जपून राहील. तक्रार पोलिसांत करता येते आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडेही.

गजू_कामठी

वकीलसाहेब, ३० हजारवाली गोष्ट मले खरंच माहीत नव्हती. मावसभावाले रात्री फोन केला. तो म्हणे, आता पोरगा पाठवू नका, माया मालकाचंच हॉटेल माणूस नाही म्हणून दुपारचं बंद असते पण बाहेरून आणता येत नाही. अन् एक सांगतले त्यानं. म्हणे १२ लाख फेडाले मले तीन वर्षं लागले, ते सांगायची लाज वाटे.

मेघना_मानेवाडा

सगळ्यांचे खूप आभार. काय झालं ते सांगते.

मी नोंदणी क्रमांक मेसेजवर मागितला. आधी उत्तर आलं की 'यूकेला लागत नाही, फक्त आखातला लागतो'. मग मी विचारलं की शेफचा कोड चालत नाही तर सीओएस कोणत्या पदाचं काढणार. त्यावर त्यांनी फोन केला आणि म्हणाले, 'पदाचं टेन्शन घेऊ नका मॅडम, आम्ही त्याला मॅनेजर दाखवतो, डिग्रीची सोय आमची.' फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं. प्लॉटची बोलणी थांबवली आहेत.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. काल रात्री कामावरून आला आणि अन्नपूर्णाताईंचा प्रतिसाद त्याने स्वतः दोनदा वाचला. आता तो म्हणतो, ऑस्ट्रेलियाचं बघू, पण आधी कागद. अडचण अशी की ढाबा बंद पडलाय, दुसऱ्या हॉटेलचा मालक बदललाय. आत्ताच्या ठिकाणी अठरा-एकोणीस जण आहेत, पीएफ नाही. अशा वेळी जुन्या अनुभवाचं काय करायचं?

वकील_महाल

खोटं पत्र कुणाकडूनही घेऊ नका, ही पहिली गोष्ट. जुन्या ठिकाणचे खरे पुरावे गोळा करा. यूपीआयवर आलेली उचल, ड्युटी लागलेल्या ग्रुपवरचे मेसेज, तारखेसह किचनमधले फोटो, तेव्हाच्या मालकाचं सही केलेलं निवेदन, सोबत त्याच्या फूड लायसन्सची प्रत. हे सगळं मिळून कितपत धरतील ते तपासणाऱ्यावर आहे. त्यामुळे खरा भर आजपासूनच्या नोकरीवर द्या. पगार बँकेत, दर महिन्याची पावती, नेमणूक पत्रावर हुद्दा आणि कामाचे तास.

मेलबर्नची_अन्नपूर्णा

याला जोडून सांगते. नेमणूक पत्रावर नुसतं 'कुक' नको. तो काय करतो ते लिहून घे: तंदूर सेक्शन, रोजची मॅरिनेशनची तयारी, मालाची मागणी, हाताखाली किती जण. शेफ आणि कुक यांचे कोड वेगळे असतात आणि तपासताना कामं वाचतात, पाटी नाही. इंग्रजीची तयारी आत्ताच सुरू कर म्हणावं. त्याला जमेल, मलाही किचनमध्ये उभं राहूनच जमलं. आणि इथल्या एजंटला पैसे देण्याआधी त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपास.

हॉटेलवाला_बर्डी

मेघनाताई, मी वर जे लिहिलं ते रागात नव्हतं, पण अन्नपूर्णाताईंचं म्हणणं डोक्यात राहिलं. माझ्याकडे तेवीस जणांचा स्टाफ आहे, पीएफ चालू आहे, पगार बँकेत देतो. तंदूरवर मला माणूस हवाच आहे. सव्वीस हजार, जेवण, आठवड्याची सुट्टी. हुद्दा आणि कामं लिहून नेमणूक पत्र देईन. किमान दीड वर्ष राहावं आणि जाताना दोन महिने आधी सांगावं, म्हणजे मी मागचा पोरगा तयार करून ठेवीन. भावाला सोमवारी दुपारी तीन ते पाचमध्ये यायला सांगा, तेव्हा किचन मोकळं असतं. ट्रायलला रुमाली आणि एक दाल त्याच्या हाताची. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

मेघना_मानेवाडा

व्यनि मिळाला दादा. तो येतोय सोमवारी. विचारतोय, स्वतःच्या सुऱ्या आणू का?

हॉटेलवाला_बर्डी

हो, आणू दे. तंदूरच्या सळ्या आमच्या आहेत.